नानांनी ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता

आमच्याकडे फसवणुकीलाही हंगाम असतो. मालवण तालुक्यात किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. सात-बारा, उत्पन्नाचे दाखले, पॅन, आधारमधली दुरुस्ती, पीकविमा ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एका बिनपाटीच्या कामाची भर पडली आहे. कुणाचे पैसे गेले की तो पोलीस ठाण्याच्या आधी माझ्याकडे येतो, दुकानात दुसरं कोणी नाही ना हे बघतो आणि खालच्या आवाजात बोलायला लागतो.

एप्रिल-मेमध्ये येतात ते खोल्यांच्या बुकिंगमध्ये आणि आंब्याच्या पेट्यांत फसलेले. पावसाळ्यात ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा मेसेज फिरतो. जून-जुलैत आमच्याकडे लाईट तशीही जातेच, त्यामुळे अर्ध्या गावाला तो खरा वाटतो. गणपतीच्या आधी ‘कन्फर्म तिकीट’ विकणारे उगवतात. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि चाकरमान्यांच्या गाड्या बघता बघता भरतात, मग उरलेल्यांना कोणीतरी तिकीट देतो म्हणाला की देवच भेटल्यासारखं वाटतं. पीएम किसानचा हप्ता जवळ आला की त्या नावाची एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते. लग्नसराईत तीच फाइल लग्नपत्रिका होऊन येते.

पागणारा माणूस पाणी बघून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतो, तसे हे लोक आपण कशाची वाट बघतोय ते आधी बघतात. हे मला नीट कळलं ते नानांच्या प्रकरणात. ते प्रकरण मी पहिल्या फोनपासून कोर्टाच्या हुकमापर्यंत स्वतः धावपळ करून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. नानांना विचारून लिहिते आहे. नाव घालू नको, एवढीच त्यांची अट.

नानांच्या घराला जोडून चार खोल्या आहेत. निवास आणि न्याहारी. जेवण काकी करतात. सुरमई, सोलकढी, घावणे खाऊन गेलेले लोक पुढच्या वर्षी पुन्हा येतात. पण धंदा हंगामाचा. मे महिना संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद होतात, जून-जुलै मासेमारीही बंद, आणि मग गणपती होईपर्यंत मे महिन्याच्या कमाईवरच घर चालवायचं. त्या वर्षी एप्रिल अर्धा संपला तरी नानांच्या वहीत मेची पानं बरीच कोरी होती.

अशात फोन आला. बोलणारा हिंदीत, आदबशीर. नौदलात लेफ्टनंट कमांडर आहे म्हणाला. चार अधिकारी कुटुंबांसह येणार, तीन रात्री, सगळ्या खोल्या हव्यात, जेवण घरचंच पाहिजे. खोलीचे रात्रीचे दोन हजार, एकूण चोवीस हजार. घासाघीस केली नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं.

इथे बाहेरचा माणूस म्हणेल, नौदलाचा अधिकारी तुमच्या चार खोल्यांत कशाला येईल? पण ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या समुद्रावर झाला होता. युद्धनौका आमच्या दारासमोर उभ्या होत्या, पंतप्रधान आले होते, आणि त्याआधी कितीतरी दिवस पांढऱ्या गणवेशातली माणसं या रस्त्यांवरून फिरत होती. नानांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय कोकणातल्या घरांमध्ये कोणी ना कोणी लष्करात किंवा नौदलात असतोच, त्यामुळे गणवेशाला ‘खरा कशावरून?’ असं विचारणं आम्हाला उद्धटपणा वाटतो. त्या माणसाला हे सगळं ठाऊक असेलच असं नाही. किनाऱ्यावरच्या गावात नौदलाचं नाव चालतं एवढं कळलं तरी त्याला पुरे होतं.

ॲडव्हान्स ठरला बारा हजार. मग तो म्हणाला, आमच्या अकाउंट्स ऑफिसची पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही रक्कम पाठवायची, म्हणजे खातं तपासलं जातं, मग सिस्टीम दुप्पट परत करते. विश्वास नसेल तर पाच रुपये पाठवून बघा. नानांनी पाच पाठवले. लगेच दहा आले.

अख्खा खेळ या दहा रुपयांत होता. नानांनी माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, पडताळा घेतला. फक्त पडताळा कसा घ्यायचा हेही त्या चोरानेच ठरवून दिलं होतं. पुढे बारा हजार गेले, परत काही आलं नाही. ‘सिस्टीममध्ये अडकलेत, तेवढीच रक्कम पुन्हा टाका म्हणजे जुळेल.’ पुन्हा बारा हजार. ‘आता पूर्ण बिलाची रक्कम टाका, मग सगळं एकदम सुटेल.’ चोवीस हजार. पहिले बारा हजार विश्वासाने गेले, पुढचे छत्तीस हजार ते पहिले बारा परत मिळवण्यासाठी. नंतर नाना मला म्हणाले, दुसऱ्या वेळी बटण दाबताना हात थरथरत होता, पण थांबलो तर आधीचे बुडाले असं वाटलं.

दुपारी हे घडलं आणि माझ्याकडे ते आले दिवे लागायच्या सुमारास. तेही काकींनी आणलं म्हणून. ‘ह्येंनी दुपारपासून पाणी पण घेवक नाय,’ काकी म्हणाल्या. नाना म्हणाले, ‘गो बाय, कोणाक सांगू नको. झिलाक तर नकोच.’ मुलगा डोंबिवलीला असतो. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मुलाला कळेल ही भीती मोठी होती.

मी पहिलं काम केलं ते १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावला. या क्रमांकामागची व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा नंबर १५५२६० होता. फोन लगेच लागला नाही, लावत राहावं लागलं. लागल्यावर मात्र पलीकडच्या बाईंनी फापटपसारा न करता नेमकं विचारलं: नाव, मोबाइल, बँक, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि यूटीआर. हा यूटीआर म्हणजे यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी नंबर. फोन लावायच्या आधी तो कागदावर उतरवून घ्यावा, कारण बोलता बोलता ॲपमध्ये शोधायला गेलं की नानांच्या वयाचा माणूस हमखास फोन कट करतो. आम्ही तिन्ही नंबर माझ्या वहीत आधीच लिहून घेतले होते. पाच रुपयांचा व्यवहारही सांगितला, कारण पैसे कुठे गेले याचं टोक त्यातूनही मिळतं.

तक्रार नोंदल्यावर मेसेजवर पोचक्रमांक येतो. मग चोवीस तासांच्या आत सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तीच तक्रार पूर्ण तपशिलासह भरायची असते. ती मी लगेच उघडली. लॉग-इनसाठी नानांच्या मोबाइलवर ओटीपी आला आणि नाना फोन छातीशी धरून बसले. ‘आता ह्यो ओटीपी तुका सांगूचो काय नको?’ मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी कीबोर्ड त्यांच्याकडे फिरवला. ओटीपी त्यांनीच एका बोटाने टाइप केला.

नंतर माझ्या डोक्यात हेच घोळत राहिलं. बँकेच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, ग्रामसभेत सगळीकडे एकच मंत्र: ओटीपी कोणालाही सांगू नका. नानांनी तो तंतोतंत पाळला होता. ओटीपी सोडाच, पिनसुद्धा त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. स्वतःच टाकला होता, प्रत्येक वेळी. आपण लोकांना कालची युक्ती शिकवतो आणि चोर आजची वापरतो. ओटीपी मागणारे फोन लोक ओळखायला लागले तेव्हा क्यूआर कोड आले, ‘पैसे मिळवायला स्कॅन करा’ म्हणणारे. मग स्क्रीन दाखवणारी ॲप आली. मग एपीके. ती एकदा फोनमध्ये बसली आणि तुम्ही एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी कोणी विचारतच नाही, तो परस्पर वाचला जातो. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागण्याची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची सोय बंद झाली. चांगलं झालं. पण नानांना कोणी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवलीच नव्हती. ॲपची दारं एकेक बंद होतात, माणसाच्या मनाचं दार कोण कसं बंद करणार?

तक्रार गेल्यावर पुढे काय होतं ते मी पोर्टलवर बघत राहिले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला असलेल्या सायबर पोलिसांशी बोलून समजून घेतलं. पैसे ज्या खात्यात पडले त्या बँकेला तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, जातं. रक्कम तिथे असेल तर होल्ड लागतो, म्हणजे ती तिथेच अडवली जाते. पुढे सरकली असेल तर ती बँक पुढच्या खात्याची माहिती भरते आणि तिकीट तिथे जातं. असं रक्कम कुठेतरी अडेपर्यंत, किंवा एटीएममधून निघून गेल्याचं कळेपर्यंत चालतं. ही खाती चोराची स्वतःची क्वचितच असतात. कोणीतरी थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेली असतात. त्यामुळे पोलीस खातेदारापर्यंत पोचतात तेव्हा समोर बहुधा एखादा गरीब किंवा बेकार पोरगा असतो.

नानांचे पहिले दोन्ही बारा हजार आम्ही फोन लावला तोवर बऱ्याच पुढे गेले होते. तिसऱ्या व्यवहारातले एकवीस हजार तीनशे परराज्यातल्या एका खात्यात अडकले. सर्वांत शेवटी गेलेले, म्हणून पळायला वेळ कमी मिळालेले. नाना दुपारी लगेच आले असते तर किती वाचले असते, हा हिशेब मी मनात केला आणि मनातच ठेवला. त्यांना उशीर मूर्खपणामुळे झाला नाही, लाजेमुळे झाला. लाजेने माणूस काही तास गप्प बसतो, आणि पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवायला चोराला तेवढेच तास हवे असतात.

बँकेतला अनुभव मी थोडक्यात सांगते, कारण तिथे फारसं काही झालं नाही. लेखी अर्ज, शिक्क्याचं स्टेटमेंट, पोचक्रमांक जोडला. काउंटरवरचे साहेब म्हणाले, व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलाय. नियमाने त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात ग्राहकाची चूक नसेल, तिसऱ्याच कोणी खात्यात घुसून पैसे काढले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. फसवून पिन टाकायला लावलं तर ती निष्काळजी धरायची का, यावर मी काउंटरवर बराच वाद घातला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्जाची पोच दिली.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ चं पोटकलम ४, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड, म्हणजे संगणक किंवा फोन वापरून दुसराच कोणी असल्याचं भासवून फसवणं. तिथला जबाब लिहिणारा हवालदार तरुण होता. नाना मान खाली घालून बसले होते, तर तो म्हणाला, ‘काका, गेल्या महिन्यात याच खुर्चीवर एक बँकेतून रिटायर झालेले साहेब बसले होते.’ त्या एका वाक्याने नानांची मान वर आली. मी इतक्या वेळ समजावत होते त्याचा एवढा उपयोग झाला नव्हता.

खाती गोठवण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नानांचं चालू असतानाच मालवणातल्या एका खाजेवाल्याच्या खात्यावर होल्ड लागला. कोणा पर्यटकाने यूपीआयने खाजं आणि कोकम घेतलं, आणि ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीच्या साखळीतले निघाले. त्या बिचाऱ्याला बिलं दाखवून, अर्ज करून खातं सोडवावं लागलं. नानांचे एकवीस हजार ज्या व्यवस्थेने पकडले तिनेच त्याचा धंदा काही काळ अडवला. मला दोघांचीही बाजू कळते आणि यावर उपाय सुचत नाही.

होल्ड लागला म्हणजे पैसे आले असं नव्हे. ते त्या खात्यात नुसते थिजलेले असतात. ते सोडवायला नानांना न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४५७ होतं आणि मालवणातले जुने वकील अजून तोच आकडा सांगतात. अर्जासोबत तक्रारीची प्रत, स्टेटमेंट, पोर्टलवरचा होल्डचा तपशील. पोलिसांचं म्हणणं मागवलं गेलं. पुढे कोणी त्या पैशांवर हक्क सांगितला तर परत करीन असं बंधपत्र द्यावं लागलं. तारखा पडल्या. वाट बघणं सुरू झालं.

आणि या वाट बघण्यातच दुसरा फोन आला.

या वेळी व्हिडिओ कॉल. खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. ‘मुंबई सायबरमधून बोलतोय. तुमचे अठ्ठेचाळीस हजार आम्ही पूर्ण वसूल केलेत. कोर्टाची प्रक्रिया फी दोन हजार तीनशे साठ भरा, आज संध्याकाळी खात्यात जमा.’ रक्कम बरोबर, नाव बरोबर. फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात हे मी ऐकलं होतं. आणि पहिला चोर आणि हा एकच असेल तर यादीचीही गरज नाही. पण नाना कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसलेले. त्यांना हा फोन कुठून तरी यायलाच हवा होता.

नानांनी काय केलं? ‘माझी कामं सेवा केंद्रातली बाई बघते, तिला करा,’ म्हणून माझा नंबर देऊन टाकला. हुशारी म्हणून नव्हे, खरोखर विश्वासाने. त्यामुळे तो माणूस थोड्याच वेळात माझ्याशी बोलत होता. मला धक्का बसला तो त्याच्या भाषेचा. मराठी स्वच्छ, ‘आपण’, ‘कृपया’, ‘सहकार्य अपेक्षित आहे’. हिंदीत बोलतो म्हणजे परका, ही आमच्याकडची साधी कसोटीही निकालात निघाली. मी गुन्ह्याचा नंबर विचारला. तो म्हणाला, गोपनीय आहे. मी म्हटलं, गुन्हा आमचा, नंबर माझ्या वहीत आहे, फक्त जुळवून बघायचा होता. मग आवाज चढला. तपासात अडथळा आणल्याबद्दल तुम्हालाच डिजिटल अरेस्ट करू म्हणाला. कायद्यात असं काही नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं, मला ते पाठ आहे. तरी खरं सांगते, त्या आवाजाने पोटात क्षणभर गोळा आला. सगळं माहीत असून आला. मी फोन ठेवला आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर संशयास्पद फोन कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर नोंदवला.

त्या दिवसापासून माझ्या केंद्रात मी ओटीपीचं पोस्टर काढून टाकलं. आता येणाऱ्याला मी एकच विचारते, सध्या तुम्ही कशाची वाट बघताय? बुकिंगची, हप्त्याची, तिकिटाची, मुलीच्या स्थळाची, कर्जाच्या मंजुरीची? जे काही असेल त्याच नावाने फोन येईल, आणि घाई करायला सांगेल. बायका हे लवकर समजतात. पुरुषांना आपण फसणार नाही अशी खात्री असते. हा माझा काउंटरवरचा अंदाज आहे, कोणी अभ्यास केलेला नाही.

नानांनी स्वतः एक नियम केला, तो मला जास्त आवडतो. कोणतंही बुकिंग आलं की ‘मालकिणीला विचारून रात्री सांगतो’ म्हणायचं. खरं गिऱ्हाईक रात्रीपर्यंत थांबतं. काकींनी एकदोन चांगली बुकिंगं या नियमापायी गेली म्हणून कुरकुर केली, पण नियम मोडला नाही. मुलाला शेवटी काकींनीच सांगितलं. तो रागावला नाही. त्याच्या ऑफिसातले दोघे शेअर बाजाराच्या खोट्या ॲपमध्ये नानांच्या कितीतरी पट घालवून बसले होते.

कोर्टाचा हुकूम पावसाळ्याच्या शेवटी झाला. हुकमाची प्रत त्या परराज्यातल्या बँकेला गेली, तिथून पुन्हा पत्र आलं की प्रत अस्पष्ट आहे, म्हणून दुसरी पाठवली. उरलेले सव्वीस हजार सातशे तपासावर आहेत. एटीएममधून निघाल्याची नोंद आहे, त्यापुढे काही हलत नाही.

मग एका सकाळी नानांचा फोन. खात्यात एकवीस हजार तीनशे जमा झाल्याचा मेसेज आलाय. ‘गो बाय, ह्यो मेसेज खरो की खोटो?’ मी म्हटलं, मला विचारू नका आणि मेसेजमधल्या कुठल्या लिंकलाही हात लावू नका, बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. नाना तसेच एसटीने मालवणला गेले. मशीनपुढे रांग होती, त्यांचा नंबर आला तेव्हा शाई संपली. काउंटरवर जाऊन त्यांनी हाताने एंट्री करून मागितली, साहेबांनी कुरकुरत करून दिली. रक्कम बरोबर होती.